चेनसॉच्या इंजिनाचा एक स्क्रू पडलाय, कोणता टाकू?

काटोलकडच्या एका संत्रा बागायतदार भाऊंचा प्रश्न आहे. डिंक्यानं वाळलेली जुनी झाडं काढायला त्यांनी वापरलेली चेनसॉ विकत घेतली. साफ करताना इंजिनाच्या खालच्या अंगाला चारपैकी एक भोक रिकामं दिसलं. मशीन सुरू होते, कापतेही. पण ट्रिगर सोडल्यावर रेस लवकर उतरत नाही आणि त्या भोकाच्या आसपास सारखं तेलकट राहतं. त्यांनी विचारलंय, "हार्डवेअरच्या दुकानातून त्या भोकात बसेल असा कोणताही स्क्रू आणून कसला तर चालेल ना? उद्या मजूर येणार आहेत."

भाऊ, उद्या मजुरांना कुऱ्हाडीचं किंवा काड्या गोळा करायचं काम द्या, पण मशीन बाजूला ठेवा. मी नागपुरात हिंगणा रोडला 22 वर्षांपासून लहान इंजिनांचं काम करतो. फवारणी पंप, ब्रश कटर, चेनसॉ, हेच रोजचं. स्क्रू पडलेली मशीन महिन्यातून दोनतीन तरी येतातच. त्यातल्या बऱ्याच मशीनचं नुकसान स्क्रू पडल्यामुळे झालेलं नसतं. स्क्रू पडल्यावर चालवत राहिल्यामुळे झालेलं असतं.

तुम्ही विचारताय स्क्रूबद्दल, पण खरी गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेलात. रेस उतरत नाही आणि तेलकट राहतं. या दोन्ही खुणा एकत्र दिसल्या की माझा पहिला संशय असतो तो इंजिन कुठून तरी हवा ओढत असल्याचा.

टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल-तेलाचं मिश्रण सरळ सिलिंडरमध्ये जात नाही. ते आधी खाली चेंबरमध्ये येतं, पिस्टन खाली उतरताना ते दाबलं जातं आणि मग वर ढकललं जातं. म्हणजे चेंबर हा एक पंपच आहे. हवा भरायच्या पंपाचा वायसर फाटला की काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. इथंही तसंच. चेंबरच्या सांध्यातला एक बोल्ट गेला की सांधा तिथं किंचित उघडतो आणि पिस्टन वर जाताना बाहेरची कोरडी हवा आत खेचली जाते. पेट्रोल तेवढंच, हवा जास्त. मिश्रण पातळ झालं की इंजिन उगाच रेस घेतं, ऐकायला जोरदार वाटतं. पण या इंजिनाला वेगळं ऑइल नसतं, पेट्रोलमध्ये मिसळलेलं तेवढंच. पेट्रोल कमी पडलं की ऑइलही कमी पडतं आणि त्याच वेळी गरमी वाढलेली असते. पिस्टन जाम होतो तो असा. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 वर गेलेला असताना, हवा ओढणारी मशीन अर्धा तास जाड खोडावर लावली तर ती वाचेलच असं मी छातीठोकपणे सांगणार नाही.

आता, मी तुमची मशीन पाहिलेली नाही, त्यामुळे काही गोष्टी तुम्हालाच पाहाव्या लागतील. खालची सगळी भोकं इंजिनाची नसतात. काही मशीनमध्ये खालून येणारे चार बोल्ट इंजिनाचा खालचा भाग आणि सिलिंडर एकमेकांना धरून ठेवतात. काही मशीनमध्ये चेंबरचे दोन अर्धे बाजूनं जोडलेले असतात आणि सिलिंडरचे बोल्ट वरून, पंखांमधून जातात. मग खालचं भोक हँडलच्या रबरी बुशचं किंवा टाकीचं असू शकतं. उरलेले तीन स्क्रू एकाच मापाचे, खोल बसलेले आणि इंजिनाच्या चार कोपऱ्यांवर असतील तर ते इंजिनाचे. स्क्रूच्या शेजारी रबर किंवा स्प्रिंग दिसली तर ते हँडलचे.

तेलकटपणाचीही परीक्षा घ्या. ती जागा कापडानं कोरडी करा, खाली पांढरा कागद ठेवा आणि मशीन रात्रभर तशीच राहू द्या. सकाळी कागदावरच्या डागाचा वास घ्या. चिकट, दाट आणि पेट्रोलचा वास नसलेलं असेल तर ते चेनचं तेल. चेनसॉ उभी ठेवली की ते थोडं पाझरतंच, त्याची काळजी करू नका. पातळ आणि पेट्रोलचा वास असेल तर ते चेंबरमधून किंवा टाकीच्या नळीतून येतंय.

हे सगळं करण्याआधी प्लगची कॅप काढून बाजूला करा. चेनमध्ये बोटं असताना चुकून दोरी ओढली गेलेली मी पाहिली आहे.

पुढची गोष्ट लोक हमखास विसरतात. पडलेला स्क्रू गेला कुठे? शेतात पडला असेल तर सुटलात. पण तो मशीनच्या आतच असेल तर? मागच्या उन्हाळ्यात कळमेश्वरकडचे एक काका मशीन घेऊन आले. दोरी ओढली की खर्र असा आवाज यायचा आणि ठिणगी नव्हती. त्यांनी दुसरीकडे दाखवली होती, तिथं कॉइल गेली म्हणून सांगितलं होतं. मी स्टार्टरचं कव्हर उघडलं, मॅग्नेट, म्हणजे चुंबक बसवलेलं पंख्याचं चाक, हातानं हळू फिरवला, तर त्याच्या लोहचुंबकाला सायलेन्सरचा स्क्रू जाऊन चिकटलेला. अर्धा चेपला होता आणि कॉइलच्या पत्र्यांवर पांढरे ओरखडे उठले होते. कॉइल आणि मॅग्नेटमध्ये जागा असते जेमतेम 0.2 ते 0.3 मिलिमीटर, म्हणजे एका व्हिजिटिंग कार्डाएवढी. तिथं स्क्रू शिरल्यावर काय राहणार! म्हणून तुमची मशीनही आधी स्टार्टर कव्हर काढून पाहा. मॅग्नेट पूर्ण एक फेरी फिरवा, टॉर्च मारा, पंखांमध्ये पाहा. चेनच्या बाजूचं कव्हर काढून क्लचभोवतीही पाहा. स्क्रू सापडला तर मापाचा अर्धा प्रश्न सुटला.

कव्हर उघडलंच आहे तर सायलेन्सरचे दोनतीन बोल्टही काढा आणि एक्झॉस्टच्या तोंडातून पिस्टनकडे टॉर्च मारा. मॅग्नेट हातानं हळू फिरवून पिस्टन वरखाली करा. पिस्टनची बाजू गुळगुळीत, थोडी तपकिरी दिसली तर ठीक. उभ्या रेघा, खरवडलेला भाग, राखाडी चमक दिसली तर स्क्रू आणायची घाई नको. त्या मशीनला आता पिस्टन-रिंग लागणार, कदाचित सिलिंडरही, आणि तो खर्च परवडतो का ते आधी ठरवा. पाच मिनिटांचं काम आहे, पण बोल्टसाठी दोन दिवस फिरल्यावर हे कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

आता मापाकडे येऊ. या मशीनमध्ये इंजिनाचे बहुतेक स्क्रू 5 मिलिमीटरचे असतात, म्हणजे एम-5, काही छोटे एम-4 आणि थोडे एम-6. पण जाडी जुळली म्हणजे स्क्रू जुळला असं नाही. एम-5 बोल्टच्या दोन आट्यांमधलं अंतर 0.8 मिलिमीटर असतं. बऱ्याच नावाजलेल्या मशीनच्या हलक्या धातूच्या बॉडीत मात्र वेगळ्या जातीचे स्क्रू असतात. त्यांचे आटे जाडसर आणि लांब अंतराचे असतात आणि कारखान्यात ते स्क्रू स्वतःच धातूत आपले आटे पाडून घेतात. त्या भोकात साधा एम-5 बोल्ट घातला तर दोनतीन फेऱ्या जातो, मग जड होतो. लोकांना वाटतं, मस्त घट्ट बसतोय. प्रत्यक्षात तो जुने आटे कापत आत चाललेला असतो. प्लॅस्टिकमध्ये जाणारे स्क्रू आणखी वेगळे, त्यांचे आटे त्याहूनही विरळ.

म्हणून दुकानात भोकाचं वर्णन घेऊन जाऊ नका, त्या स्क्रूचा भाऊ घेऊन जा. उरलेल्या तिघांपैकी एकच काढा, तिन्ही एकदम नको, नाहीतर सांधा हलेल. काढताना किती फेऱ्यांत निघाला ते मोजून ठेवा. लांबी नेहमी डोक्याच्या खालून टोकापर्यंत मोजतात, डोकं धरून नाही. मग रिकाम्या भोकाची खोली पाहा. व्हर्नियरची मागची काडी आत घाला, नसेल तर अगरबत्तीची काडी घाला आणि नखानं खूण करा. कव्हर किंवा फ्लँजची जाडी धरून जी खोली येते, त्यापेक्षा स्क्रू एकदोन मिलिमीटर कमीच हवा. लांब स्क्रू तळाला टेकला की सांधा दाबलाच जात नाही. तुम्हाला हाताला घट्ट लागतं, पण तो फक्त तळाशी अडलेला असतो. आणखी जोर दिला की चेंबरचा कान तडकतो. आखूड स्क्रू तर त्याहून फसवा. दोनतीन आट्यांवर लटकतो आणि पहिल्याच दिवशी त्या आट्यांसकट बाहेर येतो. स्टीलमध्ये बोल्टच्या जाडीएवढी पकड पुरते, पण या हलक्या धातूत जाडीच्या दुप्पट तरी हवी. म्हणजे एम-5 ला किमान 10 मिलिमीटर आत गेलेलं पाहिजे.

मशीनचं नाव आणि मॉडेल नंबर दिसत असेल तर तिचा पार्ट्सचा नकाशा शोधा. त्यात प्रत्येक स्क्रूचा नंबर असतो आणि पुष्कळदा माप त्या वर्णनातच लिहिलेलं असतं. कंपनीचा स्क्रू मिळत असेल तर तोच घ्या, दहा-वीस रुपये वाचवण्याची ही जागा नाही. नाव नसलेली 52 किंवा 58 सीसीची मशीन असेल तर इतवारीत लोहा ओळीत जा. तिथं एम-5 चे ॲलन बोल्ट सुटे मिळतात. डोक्यावर 8.8 किंवा 12.9 असा मजबुतीचा आकडा कोरलेला पाहून घ्या. आकडा नसलेला, मऊ, पत्र्याला मारायचा स्क्रू इथं चालत नाही. चकचकीत स्टेनलेसचाही मोह टाळा. हा बोल्ट मॅग्नेशियम किंवा ॲल्युमिनियमच्या बॉडीत बसणार आणि पावसाळ्यातल्या ओलीत स्टेनलेसजवळचा असा धातू लवकर कुजतो. मग दोन वर्षांनी तो बोल्ट निघत नाही. साधा झिंक चढवलेला 8.8 चा बोल्ट पुरे.

बोल्ट आणल्यावर भोक आधी साफ करा. कापसाच्या काडीला थोडं पेट्रोल लावून आतलं तेल आणि भुसा काढा, हवेनं फुंकताना डोळे सांभाळा. मग बोल्ट नुसत्या बोटांनी लावा. पाना नको, ड्रायव्हर नको. चारपाच फेऱ्या बोटांनी सहज गेला पाहिजे. आटे पाडून घेणारा स्क्रू असेल तर तो आधी उलटा फिरवा. एका जागी टक् करून किंचित खाली बसल्यासारखा लागतो. तिथून सुलटा फिरवला की तो जुन्याच आट्यात जातो. ही सवय एकदा हाताला लागली की आटे बिघडत नाहीत. मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराला पहिल्या आठवड्यात हेच करायला लावतो, डोळे मिटून, नुसत्या बोटांच्या जाणिवेवर.

बोल्ट बोटांनी जात नाही, किंवा जातो पण शेवटी नुसताच फिरत राहतो, म्हणजे आटे गेलेत. स्क्रू पडण्याचं कारणही बहुतेक वेळा हेच निघतं. आधी कुणीतरी जास्त कसला, आटे ओढले गेले आणि कंपनानं तो सुटला. अशा वेळी एम-सील, अराल्डाइट, टेफ्लॉन टेप, भोकात तांब्याची तार, हे सगळं मी लोकांच्या मशीनमधून काढलेलं आहे. गरम होणाऱ्या आणि सतत थरथरणाऱ्या सांध्यात यातलं काही टिकत नाही. उलट भोकात अडकलेला एम-सील काढताना उरलेले आटेही जातात.

भोक स्क्रूपेक्षा खोल असेल आणि तळाशी चांगले आटे शिल्लक असतील, तर तीनचार मिलिमीटर लांब बोल्टनं काम भागतं. नाहीतर हेलिकॉइल. एम-5 साठी 5.2 मिलिमीटरचं ड्रिल मारतात, त्याच्या खास टॅपनं आटे पाडतात आणि स्टीलच्या तारेची स्प्रिंग आत बसवतात. आतला बोल्ट एम-5 च राहतो आणि पकड मूळपेक्षा चांगली होते. शेवटी स्प्रिंगचं टोक तोडायचं असतं. ते चिमट्यानं बाहेर काढल्याशिवाय पुढे जायचं नाही, चेंबरमध्ये पडलं तर सगळं इंजिन उघडावं लागेल. तिसरा मार्ग म्हणजे 5 मिलिमीटरचं ड्रिल मारून सरळ एम-6 चे आटे पाडणं. स्वस्त आहे, पण भोकाभोवती भिंत किती उरते ते पाहूनच. चार कोपऱ्यांवरचे कान बारीक असतात, एम-6 मध्ये ते तडकू शकतात. मी स्वतः इंजिनाच्या सांध्यावर हेलिकॉइलच घालतो.

हे काम घरच्या हँड ड्रिलनं करू नका. भोक जरा तिरकं गेलं तरी बोल्टचं डोकं एका कडेवर बसतं. हिंगणा एमआयडीसीच्या आसपास पुष्कळ लेथवाले आहेत, त्यांच्याकडे उभं ड्रिल असतं. पण त्यांना आधी सांगा की बॉडी मॅग्नेशियमची असू शकते. मॅग्नेशियमचा बारीक चुरा पेट घेतो आणि त्यावर पाणी मारलं तर आग भडकते. टाकी आधी पूर्ण रिकामी करा, ड्रिल हळू चालवा आणि चुरा साठू न देता ब्रशनं काढत राहा. कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडून भोक भरून घ्यायचा विचार असेल तर तो सोडून द्या.

कसण्याबद्दल. इंजिनाच्या एम-5 ला बहुतेक मशीनवर 8 ते 10 न्यूटन-मीटरच्या आसपास जोर लागतो, तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये नक्की आकडा असेल तर तोच धरा. टॉर्क पाना नसेल तर असा अंदाज घ्या. दहा सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला नऊ-दहा किलोचं वजन टांगल्यावर जेवढा ताण येईल तेवढा. पान्याला पाइप लावायचा नाही. सांध्याचं पॅकिंग फाटलं असेल तर ते बदला, आणि जिथं पॅकिंगऐवजी सीलंट असेल तिथं जुनं पूर्ण खरवडून, थिनरनं पुसून नवीन लावा. चारही बोल्ट आधी बोटांनी, मग समोरासमोर थोडे थोडे करत कसा. साध्या आट्याच्या बोल्टला निळं लॉकटाइट (आटे धरून ठेवणारा गोंद) एक थेंब, तेही आटे कोरडे असतील तरच. लाल लावू नका, पुढच्या माणसाला तो उघडणं कठीण जातं. प्लॅस्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूला कोणतंच नको, काही प्लॅस्टिक त्यानं तडकतं.

तुमचं भोक सायलेन्सरचं निघालं तर थोडं वेगळं आहे. तिथं लॉकटाइट जळून जातं, त्यामुळे मूळची लॉक पट्टी किंवा स्प्रिंग वॉशरच लावा, आणि मशीन एकदा गरम होऊन थंड झाल्यावर पुन्हा कसा. ते सुटं ठेवून नवतप्यात वाळल्या गवतात काम करणं म्हणजे धुऱ्याला आग लावून घेणं आहे. चेन कॅचरचा स्क्रू असेल तर तोही बिनमहत्त्वाचा समजू नका. चेन तुटली की ती उजव्या हाताकडे येते, आणि तो छोटासा तुकडा तिला अडवतो. वरच्या कव्हरचा किंवा स्टार्टरचा एखादा स्क्रू असेल तर घाबरायचं कारण नाही, योग्य स्क्रू आणेपर्यंत मशीन बंद ठेवा, एवढंच.

बोल्ट बसला म्हणजे गळती थांबली असं मी धरत नाही, तपासतो. माझ्याकडे जुन्या बीपी मशीनचा फुगा आणि डायल आहे. कार्बोरेटर आणि सायलेन्सर काढून दोन्ही तोंडांवर जुन्या ट्यूबचं रबर ठेवून पट्टीनं दाबतो, प्लग जागेवर असतो, आणि कार्बोरेटरला चेंबरचा दाब पोहोचवणाऱ्या बारीक छिद्रातून हवा भरतो. डायल 300 वर नेला की साधारण 0.4 बार होतात. वीस सेकंद काटा हलला नाही तर चेंबर बंद आहे. हलला तर सांध्यावर साबणाचं पाणी सोडा, बुडबुडे येतील तिथं हवा जातेय. पुष्कळदा बोल्टजवळ काहीच निघत नाही आणि बुडबुडे क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याच्या, सीलपाशी येतात. म्हणजे मूळ दुखणं तिथं होतं आणि पडलेला स्क्रू निव्वळ योगायोग.

एक शेवटची गोष्ट, कारण मशीन वापरलेली आहे. रेस उतरत नाही म्हणून आधीच्या मालकानं कार्बोरेटरचे स्क्रू नक्कीच छेडले असतील. गळती बंद झाल्यावर तीच सेटिंग चुकीची ठरते, मशीन धूर सोडेल किंवा लगेच बंद पडेल. एल (कमी रेसचं मिश्रण ठरवणारा) आणि एच (पूर्ण रेसचं) हे कार्बोरेटरचे दोन्ही स्क्रू हलक्या हातानं पूर्ण बंद करून एक-एक फेरी उघडा, बहुतेक मशीन त्यावर सुरू होतात. मग एल थोडा इकडेतिकडे करून ट्रिगर दाबल्यावर मशीन अडखळत नाही ना ते पाहा, आणि आयडलचा स्क्रू असा ठेवा की इंजिन चालू राहील पण चेन फिरणार नाही. पेट्रोल ताजं घ्या. एका लिटरला ऑइल किती ते मशीनवर लिहिलेलं असतं, नावाजलेल्या मशीनला त्यांच्या ऑइलसह सहसा 20 मिलि, आणि नाव नसलेल्या मशीनला पुष्कळदा 40 मिलि सांगतात. पहिली टाकी बारीक फांद्यांवरच घालवा, मशीन थंड झाल्यावर चारही बोल्टना पाना लावून पाहा, आणि ट्रिगर सोडल्यावर रेस लगेच उतरतेय ना ते ऐका. उतरत नसेल तर जाड खोडाला हात लावू नका. खालच्या बाजूचा फोटो, शेजारी स्टीलची पट्टी ठेवून, मला दाखवा. मग पुढचं बघू.